पीएचपी आणि एचटीएमएल फॉर्म एकाच फाइलीत: डब्यात वॉर्निंग दिसतेय, नोंदी दोनदा पडतायत, काही गायबच होतायत

खाजनकाठ (तिसवाडी)

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय, पण खरंच अडकलेय म्हणून सगळं सांगते. आमच्या गोव्यातल्या गावात खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात, अजून कोरगुट लावतात, म्हणजे खाऱ्या पाण्यात तग धरणारं आमचं जुनं भात. बांध फुटला किंवा मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, पाणी आत आलं तरी ते उभं राहतं, म्हणून लोक ते सोडत नाहीत. दरवर्षी पावसाच्या आधी गावचा शेतकरी क्लब कोणाला किती किलो बियाणं हवं ते वहीत लिहून घेतो. यंदा मी म्हटलं फॉर्म करून देते. कॉलेजात पीएचपी, म्हणजे सर्व्हरवर चालणारी वेबची भाषा, शिकले होते त्या भरवशावर केला, आणि महिनाभर बरा चालला पण.

फॉर्ममध्ये नाव, वाडा, तालुका, सर्व्हे नंबर, किलो, 'जमीन खाजन आहे का' असा चेकबॉक्स आणि एक-चौदाच्या उताऱ्याचा (जमिनीच्या नोंदीचा) फोटो एवढंच आहे. सगळं एकाच फाइलीत. वर हेडरची फाइल इन्क्लूड केलीय ज्यात गावाचं नाव आणि मेनू आहे, मग फॉर्म, तो पण पूर्ण इकोने (पीएचपीच्या छापायच्या कमांडने) छापलेला, प्रत्येक ओळ इको आणि दुहेरी कोटात, आतल्या व्हॅल्यूला एकेरी कोट, त्यात डॉलर पोस्टमधलं (फॉर्ममधून आलेलं सगळं असतं त्या यादीतलं) नाव घातलेलं, म्हणजे चूक झाली तर माणसाने भरलेलं परत दिसावं. आणि फाइलीच्या सगळ्यात खाली इफ सबमिट झालं असेल तर डेटाबेसात नोंद घालणारी इन्सर्टची क्वेरी आणि 'नोंद झाली, देव बरें करूं' (म्हणजे आभार).

आता झालंय काय, होस्टिंगवाल्यांनी पीएचपी ७.४ वरून ८.० वर नेलं आणि तेव्हापासून फॉर्म नुसता उघडला तरी नावाच्या डब्यात आधीच 'वॉर्निंग, अनडिफाइन्ड अ‍ॅरे की' असं भरलेलं येतं, फाइलचा पूर्ण रस्ता आणि ओळीच्या नंबरासकट. एका आजोबांनी ते तसंच ठेवून पुढे आपलं नाव लिहून पाठवलं, ती नोंद माझ्याकडे आहे. दुसरं म्हणजे नोंदी दोन-दोनदा पडतात, लोक रिफ्रेश करतात बहुतेक, इथे नेट येत-जात असतं. मग मी हेडर लोकेशनने दुसऱ्या पानावर पाठवायचा प्रयत्न केला तर 'हेडर्स ऑलरेडी सेंट'. हेच घरच्या लॅपटॉपवर एक्झॅम्पमध्ये (चाचणीसाठीच्या घरच्या सर्व्हरवर) व्यवस्थित चालतं! कोणी समजावून सांगाल का की नक्की कुठे चुकतंय? पाऊस तोंडावर आलाय, क्लबवाले रोज यादी मागतायत.

म्हापशेकार

पहिल्या गोष्टीचं सोपं आहे. पान पहिल्यांदा उघडतं तेव्हा ते गेट रिक्वेस्टने (नुसतं पान मागणारी ती गेट, फॉर्म सबमिट केला की जाते ती पोस्ट) येतं, त्या वेळी पोस्टचा अ‍ॅरे रिकामा असतो आणि तुम्ही त्यातलं नाव मागताय. ७.४ मध्ये याची नुसती नोटीस यायची आणि बहुतेक ठिकाणी नोटिसा बंद करून ठेवलेल्या असतात म्हणून दिसली नाही. ८.० मध्ये तीच नोटीस वॉर्निंग झाली म्हणून आता छापली जाते. जिथे जिथे डॉलर पोस्ट आहे तिथे पुढे दोन प्रश्नचिन्हं टाका आणि रिकामे कोट द्या, ७.० पासून ते चालतं, नसेल तर रिकामं धरतो. आणि चालू साइटवर डिस्प्ले एरर्स बंद करा, एरर लॉगमध्ये जाऊ दे, सर्व्हरवरचा फाइलचा रस्ता जगाला कशाला दाखवायचा.

सत्तरीचा

माझं स्पष्ट मत सांगतो, राग मानू नका. एचटीएमएलमध्ये पीएचपी असं मिसळणंच चूक आहे. लारावेल फ्रेमवर्क घ्या, नाहीतर नुसतं ट्विग हे टेम्प्लेटचं साधन घ्या, पान वेगळं आणि लॉजिक वेगळं ठेवा. तेही जमत नसेल तर गूगल फॉर्म करा आणि मोकळे व्हा, बियाण्याची यादीच तर हवीय.

सेमीकोलन_फोंडा

सत्तरीच्या बाबांचं अर्धं मला पटतं आणि अर्धं अजिबात नाही, ते शेवटी सांगतो, आधी ताईंचं काम.

ताई, तुमच्या तिन्ही त्रासांचं मूळ एकच आहे, फाइल उलटी लिहिलीय. एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ब्राउझरला पीएचपी म्हणजे काय ते माहीतच नसतं. सर्व्हर तुमची फाइल वरून खाली वाचत जातो, पीएचपीच्या टॅगबाहेर जे काही असेल, अगदी रिकामी ओळ सुद्धा, ते जसंच्या तसं बाहेर टाकतो आणि टॅगच्या आतलं चालवतो. ब्राउझरच्या हातात पडतं ते शिजलेलं ताट. व्ह्यू सोर्स करून बघा, एक अक्षर पीएचपीचं दिसणार नाही. मग माणूस सबमिट दाबतो तेव्हा ती पूर्ण नवी रिक्वेस्ट असते, फाइल परत पहिल्या ओळीपासून चालते, मागच्या वेळचं कुठलंही व्हेरिएबल शिल्लक नसतं, फक्त फॉर्ममधून आलेलं पोस्टमध्ये असतं.

आता तुमच्या फाइलीत काय होतं बघा. वर हेडरची इन्क्लूड, म्हणजे मेनू बाहेर गेला. मग फॉर्म, तोही गेला. आणि मग खाली तुम्ही म्हणताय की आता दुसऱ्या पानावर जा. लोकेशन हा एचटीटीपीचा हेडर आहे, पानाच्या मजकुराच्या आधी जायला हवा. पत्र पेटीत टाकून झाल्यावर पाकिटावरचा पत्ता बदलता येत नाही, तसंच हे. घरी चालतं कारण एक्झॅम्पच्या सेटिंगमध्ये आउटपुट बफरिंग ४०९६ बाइट्सचं चालू असतं, म्हणजे तेवढा मजकूर जमेपर्यंत सर्व्हर काही पाठवत नाही, पान लहान आहे तोवर हेडर मागाहून दिलेला पण खपून जातो. होस्टिंगवर ते बंद असणार. आणि घरी सुद्धा उद्या पान वाढून ४०९६ च्या वर गेलं की हीच एरर येईल, त्यामुळे 'ओबी स्टार्ट' टाकून (तेच बफरिंग कोडमधून चालू करून) वेळ मारून नेऊ नका, लोक तुम्हाला तोच सल्ला देतील.

मी स्वतः असं लिहितो. मोबाइलवरून टाइप करतोय म्हणून कोड शब्दांत सांगतो, तुम्हाला कळेल.

फाइलीची पहिली ओळ पीएचपीचा टॅग, त्याच्या आधी स्पेससुद्धा नको, आणि नोटपॅडमध्ये लिहीत असाल तर यूटीएफ-८ विदाउट बॉम म्हणून सेव्ह करा, तो बॉम, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीची खूण, दिसत नाही पण बाहेर जातो आणि हेडर बिघडवतो. मग एक अ‍ॅरे करा, नाव, वाडा, तालुका, सर्व्हे, किलो, सगळे रिकामे. दुसरा अ‍ॅरे चुकांचा, तोही रिकामा. मग विचारा की रिक्वेस्ट मेथड पोस्ट आहे का. असेल तर पोस्टमधून एकेक उचलून, ट्रिम करून पहिल्या अ‍ॅरेत भरा आणि तपासा, जे चुकलं त्याचं वाक्य चुकांच्या अ‍ॅरेत. चुका रिकाम्याच राहिल्या तर इन्सर्ट करा, हेडर लोकेशन ३०३ ने (म्हणजे 'आता गेटने त्या पानावर जा') आभाराच्या पानावर पाठवा आणि लगेच पुढच्या ओळीत एक्झिट. एक्झिट विसरू नका हं, हेडर दिला म्हणून पीएचपी थांबत नाही, खालचं सगळं चालतच राहतं. चुका असतील तर काहीच करायचं नाही, आपोआप खाली घसरायचं.

आणि खाली, या सगळ्याच्या खाली, हेडरची इन्क्लूड आणि साधा एचटीएमएल. इको इको करत फॉर्म छापू नका. टॅग बंद करा आणि सरळ एचटीएमएल लिहा, मध्ये जिथे किंमत (म्हणजे व्हॅल्यू) दाखवायची तिथे फक्त प्रश्नचिन्ह-बरोबर वाला छोटा टॅग, तो ५.४ पासून सगळीकडे चालतो, सेटिंग लागत नाही. इफ आणि फोरईचला महिरपी कंस न देता कोलन द्या आणि शेवटी एंडइफ, एंडफोरईच. पन्नास ओळींनंतर एकटाच महिरपी कंस दिसला तर तो कुणाचा ते कळत नाही, एंडफोरईच वाचलं की कळतं. याने डब्यातली वॉर्निंग जाते कारण वरचा अ‍ॅरे नेहमी असतोच, गेट असो की पोस्ट. रिफ्रेशचं डबल जातं कारण ३०३ नंतर ब्राउझर गेटने आभाराच्या पानावर असतो, रिफ्रेश केलं तरी तेच पान येतं. आणि हेडरची एरर जाते कारण तोवर काही बाहेर गेलेलंच नसतं.

तालुक्याचं वेगळं सांगतो कारण इथे सगळे हात आखडतात. बाराही तालुके हाताने बारा ऑप्शन लिहून ठेवलेले असणार तुमच्याकडे. त्यापेक्षा वर एक अ‍ॅरे करा, पेडणे, बार्देश, डिचोली, सत्तरी, तिसवाडी, फोंडा, मुरगाव, सासष्टी, धारबांदोडा, सांगे, केपे, काणकोण. खाली ड्रॉपडाउन त्याच अ‍ॅरेवर फोरईच फिरवून बनवा आणि माणसाने निवडलेला असेल त्यालाच सिलेक्टेड छापा. आणि तपासताना सुद्धा तोच अ‍ॅरे वापरा, आलेला तालुका यादीत आहे की नाही. ड्रॉपडाउन आहे म्हणून त्यातलंच काहीतरी येईल असं धरून चालू नका, फॉर्म न उघडता पण कोणी काहीही पाठवू शकतो. एकच यादी दोन्हीकडे असली की एकीकडे बदल करून दुसरीकडे विसरायचा प्रश्न येत नाही. धारबांदोडा नंतर वेगळा तालुका झाला तेव्हा मी सांभाळत होतो त्या एका कार्यालयाच्या फॉर्ममध्ये ड्रॉपडाउनात तो आला, तपासणीत आला नाही, आणि तिथले लोक दोन दिवस 'तालुका निवडा' वाचत बसले. ते माझ्या हातून झालं होतं, म्हणून सांगतो.

चेकबॉक्सचं पण लक्षात ठेवा, टिक केली नाही तर तो 'नाही' असं पाठवत नाही, तो काहीच पाठवत नाही. पोस्टमध्ये ती की नसणं म्हणजेच 'नाही'. आणि डबा डिसेबल्ड केला तर तोही येत नाही, दाखवायचा पण बदलू द्यायचा नाही असं असेल तर रीडओन्ली करा.

आता सत्तरीच्या बाबांसाठी. मिसळणं चूक असं म्हणू नका. पीएचपी जन्मालाच त्यासाठी आली. रास्मुस लेरडॉर्फने १९९५ मध्ये जे बाहेर काढलं त्याचं नाव पर्सनल होम पेज टूल्स होतं आणि पुढच्या रूपाला पीएचपी-एफआय म्हणायचे, त्यातला एफआय म्हणजे फॉर्म्स इंटरप्रीटर. फॉर्म वाचणं आणि एचटीएमएलच्या मध्ये किंमत बसवणं हेच तिचं पहिलं काम. एका पानाच्या फॉर्मला लारावेल लावणं म्हणजे मानशीचं दार दुरुस्त करायला धरणाचा कंत्राटदार बोलावणं. पण वाईट आहे ते डेटाबेस आणि डबे एकाच ओळीत कालवणं, तिथे मी तुमच्या बाजूचा आहे.

सत्तरीचा

मान्य. पण एक मुद्दा सोडू नका, ट्विग आणि लारावेलचं ब्लेड किंमत छापताना आपोआप एस्केप करतात, म्हणजे कोटासारखी चिन्हं निरुपद्रवी करून छापतात. साध्या पीएचपीत ते प्रत्येक वेळी आपल्या हाताने करावं लागतं आणि माणूस एकदा तरी विसरतोच. मी त्यासाठी बोललो होतो.

खाजनकाठ

सेमीकोलन दादा, खूप खूप आभार, कालची रात्र बसून तुम्ही सांगितलं तसं उलटं केलं, म्हणजे सुलटं. वॉर्निंग गेली, रिफ्रेश केलं तरी एकच नोंद, घरी आणि होस्टिंगवर दोन्हीकडे सारखं. गूगल फॉर्मचं आम्ही आधी बोललो होतो, पण क्लबला गावाच्या साइटवरच हवं होतं, आणि मलाही शिकायचं होतं.

पण आज एक वेगळंच समोर आलं आणि पोटात गोळा आला. यादी घेऊन क्लबात गेले तर तिथे बसलेल्या एक मावशी म्हणाल्या माझं नाव कुठेय, मी दोनदा भरलं, दोन्ही वेळा 'नोंद झाली' आलं. आडनाव डिसोझा. मग शोधलं तर यादीत डिसोझा आहेत, पण तीनच, आणि आमच्या वाड्यावरच सहा-सात घरं आहेत डिसोझांची. डिमेलो एक पण नाही. फर्नांडिस, नाईक, गांवकार सगळे बरोबर आहेत. आणि आज नव्या फॉर्ममध्ये मी मुद्दाम किलो रिकामे ठेवून त्या मावशींचं नाव भरलं तर चूक दाखवताना नावाच्या डब्यात नुसतं 'डी' उरलं. बाकीचं आडनाव गेलं कुठे? एचटीएमएल स्पेशल कॅरॅक्टर्सचं फंक्शन लावलंय मी, तरी.

सेमीकोलन_फोंडा

ताई, हे गोव्यातलं कोणीही फॉर्म लिहिताना सगळ्यात आधी तपासायला हवं, मी प्रत्येक फॉर्म याच आडनावाने तपासतो. रोमी लिपीत डिसोझा लिहिताना डी नंतर वर एक एकेरी टिंब येतं ना, अ‍ॅपोस्ट्रॉफी, तेच तुमच्या कोडमधलं एकेरी कोट आहे. संगणकाला दोन्ही एकच.

डब्याचं आधी. तुमच्या इको वाल्या जुन्या ओळी तशाच खाली आणल्यात का? व्हॅल्यू एकेरी कोटात असणार. एकेरी कोट उघडलं, डी आला, मग आडनावातलं कोट आलं आणि ब्राउझर म्हणाला व्हॅल्यू संपली. तुम्ही एस्केप केलंत ते बरोबर, पण ८.० पर्यंत ते फंक्शन नुसतं लावलं तर दुहेरी कोट एस्केप करायचं, एकेरी नाही. एकेरीसाठी ईएनटी-कोट्स हा फ्लॅग दुसऱ्या जागी द्यावा लागायचा. ८.१ पासून तो आपोआप धरतात. तुम्ही नेमक्या ८.० वर आहात. व्हॅल्यूला दुहेरी कोट करा आणि फ्लॅगही द्या, दोन्ही करा. वर फाइलीत एच नावाचं दोन ओळींचं फंक्शन लिहा, आत हेच, म्हणजे छापताना फक्त एच आणि कंस. सत्तरीच्या बाबांची भीती खरी आहे, नाव छोटं असलं की विसरायचं प्रमाण कमी होतं. आणि एस्केप छापताना करायचं, साठवताना नाही. डेटाबेसात मावशींचं नाव त्यांनी लिहिलं तसंच राहू दे, नाहीतर उद्या बियाण्याच्या पिशवीवर लेबल छापाल तेव्हा त्यावर अँपरसँड आणि आकडे उमटतील.

आता हरवलेल्या नोंदी. तुमची इन्सर्टची क्वेरी मला न बघता कळते, दुहेरी कोटात पूर्ण वाक्य आणि व्हॅल्यूजमध्ये एकेरी कोटात डॉलर नाव. मायएसक्यूएलने, म्हणजे डेटाबेसने, डी वाचला, कोट बंद झालं, पुढे सोझा हा शब्द आला ज्याचा त्याला अर्थ लागत नाही, सिंटॅक्स एरर. आणि ८.० पर्यंत मायएसक्यूएलआय (पीएचपीला डेटाबेसाशी जोडणारा भाग) क्वेरी फसली तर गुपचूप फॉल्स परत देतं, ८.१ पासून ते एक्सेप्शन फेकतं. तुम्ही तो फॉल्स तपासला नाही आणि पुढच्या ओळीत 'नोंद झाली' छापलं. म्हणून मावशींना दोन्ही वेळा आभार मिळाले आणि नोंद एकही नाही.

यावर उपाय स्लॅश घालत बसणं नाही. प्रिपेअर्ड स्टेटमेंट. क्वेरीत किमतींच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं, ती प्रिपेअर करा, मग किमती वेगळ्या बाइंड करा आणि एक्झिक्यूट. क्वेरी आणि किंमत वेगवेगळ्या वाटेने जातात, मग आडनावात कोट असो की काहीही असो, ती फक्त किंमतच राहते. हे फक्त डिसोझांसाठी नाही, ज्या दारातून ते कोट आत जाऊन तुमची क्वेरी मोडतं त्याच दारातून कोणी मुद्दाम लिहिलेली क्वेरी आत सारू शकतो आणि अख्खी यादी वाचू किंवा पुसू शकतो. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच. कनेक्शनच्या आधी मायएसक्यूएलआय रिपोर्ट लावून एरर आणि स्ट्रिक्ट चालू करा, म्हणजे फसलेली क्वेरी गप्प बसणार नाही.

म्हापशेकार

मग तीन डिसोझा कसे आले यादीत?

सेमीकोलन_फोंडा

मलाही तोच प्रश्न पडला होता. ताई, त्या तीन नोंदींतलं चिन्ह जरा मोठं करून बघा. एक तर त्यांनी टिंबाशिवाय किंवा 'दे सोझा' असं लिहिलं असेल, नाहीतर आयफोनवरून भरलं असेल. आयफोनचा कीबोर्ड सरळ कोटाचं वाकडं कोट करतो, ते वेगळं अक्षर आहे, त्याने क्वेरी मोडत नाही.

खाजनकाठ

बघितलं. दोन वाकडी आहेत, एक टिंबाशिवाय. दोघांपैकी एकाचा मुलगा दुबईला असतो, त्यानेच भरलं असणार. म्हणजे ज्यांच्याकडे साधा फोन त्यांचीच नावं गेली. मला फार वाईट वाटतंय हो, गावात आधीच लोक म्हणतात की कॉम्प्युटरवर गेलं की आपलं नाव राहत नाही.

डिचोली_आयटी

ताई, धीर धरा, सर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉग बघा. त्यात फॉर्मचा मजकूर नसतो, पण पोस्ट रिक्वेस्ट कधी कधी आल्या त्याच्या वेळा असतात. डेटाबेसातल्या नोंदींच्या वेळांशी लावून बघितलं की किती गळल्या ते तरी कळेल, मग शोधायला आकडा हाती येतो.

आणि फोटोचा विषय कोणी काढला नाही म्हणून मी काढतो. फॉर्म टॅगला एन्कटाइप मल्टिपार्ट फॉर्म-डेटा असेलच, नाहीतर फोटोचं फक्त नाव येतं. पण पीएचपीची मुळातली मर्यादा एका फाइलला २ एमबी आणि पूर्ण पोस्टला ८ एमबी. हल्लीच्या फोनचा फोटो सहज ४-५ एमबी. २ च्या वर गेला तर फाइल्सच्या अ‍ॅरेत एरर १ येतो, बाकीचा फॉर्म ठीक येतो. पण पूर्ण पोस्ट ८ च्या वर गेली तर पोस्टचा अ‍ॅरे आणि फाइल्सचा अ‍ॅरे दोन्ही कोरे येतात. माणसाने सगळं भरलेलं असतं आणि तुमचा नवा फॉर्म त्याला सांगणार नाव भरा, वाडा भरा, किलो भरा. मेथड पोस्ट आहे, पोस्ट रिकामा आहे आणि कंटेंट लेंथ शून्यापेक्षा जास्त आहे, असं असेल तर सरळ सांगा की फोटो फार मोठा आहे. मर्यादा वाढवायची तर बऱ्याच होस्टिंगवर फोल्डरात डॉट यूजर डॉट आयएनआय फाइल ठेवून वाढवता येते, पण ती लगेच लागू होत नाही, पाच मिनिटं थांबा, नाहीतर चाललं नाही म्हणून उगाच शोधत बसाल.

फोटो सेव्ह करताना माणसाने दिलेलं फाइलचं नाव वापरू नका, स्वतः नाव द्या, आणि फोल्डर वेबच्या बाहेर ठेवा. कोणी फोटोच्या जागी पीएचपीची फाइल चढवली आणि ती वेबवरून उघडली तर ती तुमच्या सर्व्हरवर चालते.

खाजनकाठ

अरे देवा, ते 'सगळं भरलं तरी नाव भरा म्हणतो' मला कालच एकाने फोनवर सांगितलं, मी म्हटलं परत प्रयत्न करा. आज बदलते.

अजून एक, किलोमध्ये काहींचे शून्य आलेत. मी त्या डब्याला टेक्स्टच ठेवलंय आणि पीएचपीत इंट (पूर्णांक) करते.

म्हापशेकार

मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडे टाकले असणार. पीएचपीला '५' हा आकडा कळत नाही, इंट केलं की शून्य. इज न्युमेरिक पण नाही म्हणतं. तपासायच्या आधी एसटीआर-टीआर ने ० ते ९ चे दहा देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदलून घ्या, अ‍ॅरे देऊन करा, कारण आपलं एकेक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट्सचं असतं, दोन स्ट्रिंग दिल्या तर बाइट बाइट बदलतं आणि घोळ होतो. लोकांना 'इंग्रजी आकडेच टाका' असं सांगू नका, ज्याला जसं येतं तसं टाकू दे, बदलायचं काम आपलं.

खाजनकाठ

सगळं केलं. प्रिपेअर्ड स्टेटमेंट, एच फंक्शन, फोटोचं, आकड्यांचं. होस्टिंगच्या पॅनेलवर ८.२ चा पर्याय होता तोही लावला, नवीन वॉर्निंग एकही नाही. पहिली चाचणी डिमेलो, सरळ कोटाने, अँड्रॉइड फोनवरून. डेटाबेसात पूर्ण आडनाव बसलं, चूक दाखवतानाही डब्यात पूर्ण आलं. आजोबांच्या नोंदीतली वॉर्निंग काढून नुसतं नाव ठेवलं.

लॉगच्या वेळा लावून बघितल्या, डबल झालेल्या काढून चौदा पोस्ट अशा आहेत ज्यांची नोंद नाही. वाड्यावरची घरं मला माहीत आहेत, क्लबच्या मागच्या वर्षीच्या वहीत त्यांचे फोनही आहेत. आज संध्याकाळी त्या मावशींना बरोबर घेऊन घरोघर जाणार, तिथेच फोनवर फॉर्म भरून घेणार, म्हणजे त्यांना यादीत नाव डोळ्यांनी दिसेल.

सेमीकोलन_फोंडा

छान केलंत ताई. जाताय तर सर्व्हे नंबरचा कॉलम आधी बघून घ्या, इंट असेल तर व्हारचार (मजकुराचा कॉलम) करा. आपले सर्व्हे नंबर सबडिव्हिजनसकट असतात, ४५/२ असा, इंटमध्ये नुसता ४५ उरेल.

खाजनकाठ

इंटच होता. बदलला. आधीच्या नोंदींचे उताऱ्याच्या फोटोवरून परत भरतेय, अर्ध्या झाल्यात.